सायकलच्या हबमधलं सीलबंद बेअरिंग बदलताना: बेळगाव-सीमाभागातल्या सायकलस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात, खानापुरात, निपाणीत गेल्या काही वर्षांत गियरच्या सायकली भराभर वाढल्या. पहाटे चोर्ल्याकडे निघणारे, राजहंसगडाच्या चढावर घाम गाळणारे, रोज सायकलने कारखान्यात जाणारे असे सगळ्याच प्रकारचे लोक त्यात आहेत. यातल्या बऱ्याच सायकलींच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध एक्सलभोवती फिरणाऱ्या भागात, आता सुटे छर्रे नसून सीलबंद बेअरिंग असतं. ते खराब झालं की सायकलच्या दुकानात अनेकदा ‘अख्खा हब बदला’ किंवा ‘चाकच नवीन घ्या’ असा सल्ला मिळतो. बहुतेक वेळा त्याची काहीही गरज नसते. ते बेअरिंग मोटारी, पंप आणि मशीनमध्ये लागतं त्याच जातीचं असतं आणि आपल्या भागात ते सहज मिळतं. ते नेमकं निवडायचं कसं, याबद्दलचे हे प्रश्न.

माझ्या हबमध्ये सीलबंद बेअरिंग आहे की कोन-छर्रे, हे कसं ओळखू?

चाक काढा आणि एक्सलचं टोक बघा. तिथे लॉकनट आणि त्यामागे पातळ पाना लागेल अशा चपट्या कडांचा कोन दिसला, तर आत वाटी आणि सुटे छर्रे आहेत. दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीत हाच प्रकार असतो: पुढच्या चाकात ३/१६ इंची छर्रे, प्रत्येक बाजूला दहा, मागच्यात १/४ इंची, प्रत्येक बाजूला नऊ. शिमानोचे बहुतेक हबही आजपर्यंत कोन-वाटीचेच आहेत, त्यामुळे सायकल महाग आहे म्हणजे आत सीलबंद बेअरिंगच असेल असं धरून चालू नका.

टोकाची टोपी ओढून किंवा फिरवून निघाली आणि आत काळ्या, निळ्या किंवा लाल रबरी कड्याची चकती दिसली, तर ते सीलबंद बेअरिंग. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

बेअरिंग खरंच गेलंय का, हे कसं तपासायचं?

चाक सायकलवर ठेवून जोरात फिरवू नका. चाकाला वजन असतं, वेग आला की खराब बेअरिंगसुद्धा गुळगुळीत भासतं. चाक बाहेर काढून एक्सल दोन बोटांनी अगदी हळू फिरवा. वाळू दळल्यासारखी खरखर लागली तर आत धूळ किंवा गंज आहे. ठरावीक जागी अडकत अडकत, टप्प्याटप्प्याने फिरलं तर छर्रे ज्या खाचेत धावतात तिथे खड्डे पडलेत. असं बेअरिंग ग्रीस भरून सुधारत नाही. सीलच्या कडेने तांबूस पाणी झिरपलेलं दिसलं तर फार विचार न करता बदला.

रिम डावी-उजवीकडे हलत असेल तर आधी एक्सलच्या टोप्या घट्ट आहेत का आणि क्विक रिलीजचा (पान्याशिवाय चाक काढण्याचा) दांडा नीट बसलाय का ते बघा. ते ठीक असूनही चाक हलत असेल तर दोष बेअरिंगमध्ये किंवा त्याच्या बसण्याच्या जागेत आहे. एक लक्षात ठेवा, कोरं रबरी सीलचं बेअरिंग बोटांना थोडं जड लागतं. ते सीलच्या घर्षणामुळे. दोष समजून परत करायला जाऊ नका.

बेअरिंगवरचा नंबर कसा वाचायचा?

नंबर सीलच्या रबरावर किंवा रिंगच्या कडेवर असतो. ओल्या फडक्याने पुसून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की दिसतो. समजा ‘६९०२ २आरएस’ लिहिलंय. पहिला ६ म्हणजे छर्र्यांची एक रांग असलेलं खोल खाचेचं बेअरिंग. ९ ही मालिका, त्यावरून ते किती पातळ किंवा जाड हे ठरतं. अशा चार आकडी नंबरात शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे आकड्याला पाचने गुणा. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५.

सायकलच्या हबमध्ये पुन्हापुन्हा भेटणारी मापं, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या क्रमाने, मिलिमीटरमध्ये:

६०८: ८ × २२ × ७
६०००: १० × २६ × ८
६००१: १२ × २८ × ८
६९००: १० × २२ × ६
६९०१: १२ × २४ × ६
६९०२: १५ × २८ × ७
६९०३: १७ × ३० × ७
६८०२: १५ × २४ × ५
६८०३: १७ × २६ × ५

मागच्या हबच्या फ्रीहबमध्ये, म्हणजे कॅसेट (मागच्या गियरच्या दातेरी चकत्या) ज्यावर चढते त्या भागात, ६८ आणि ६९ मालिकेतली पातळ बेअरिंगं जास्त असतात, कारण तिथे जागाच थोडी असते.

आणखी एक खुलासा. काही कंपन्या, उदाहरणार्थ एसकेएफ आणि एफएजी, ६८०२ ला ६१८०२ आणि ६९०२ ला ६१९०२ म्हणतात. बेअरिंग तेच, मापं तीच. दुकानदार ‘६९०२ नाही’ म्हणाला तर ‘६१९०२ आहे का’ असं एकदा विचारा. नुसत्या या प्रश्नाने पुष्कळांचं काम झालंय.

नंबर पूर्ण पुसला गेला असेल तर?

मग व्हर्नियर कॅलिपर. तिन्ही मापं बेअरिंगवरच घ्या, हबच्या भोकाचं माप घेऊन अंदाज बांधू नका. हबचं भोक बेअरिंगपेक्षा किंचित लहान असतं, म्हणून तर बेअरिंग दाबून बसवावं लागतं. व्हर्नियर नसेल तर जुनं बेअरिंग खिशात घालून दुकान गाठा, तिथे मोजून देतात.

सायकलसाठीच म्हणून बनवलेली काही वेगळी मापंही आहेत, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. ६९०२ चा बाहेरचा व्यास २८ मिमी, पण १५ × २६ × ७ मापाचंही एक बेअरिंग सायकलीत येतं आणि त्यावर ‘१५२६७’ असं लिहिलेलं असतं. तसंच १८ × ३० × ७ मापाचं ‘१८३०७’. आकडे म्हणजे सरळ मापंच एकापुढे एक लिहिलेली. ही औद्योगिक दुकानात मिळणं कठीण, सायकलचे सुटे भाग विकणाऱ्यांकडूनच मागवावी लागतात. बेअरिंगवर ‘आर’ने सुरू होणारा छोटा नंबर, म्हणजे आर६ किंवा आर८ असेल, तर मापं इंचात आहेत, आर६ चं भोक ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिमीच्या जरासं वर. त्याच्या जागी १० मिमीचं चालवून घेऊ नका.

२आरएस, झेडझेड, डीडीयू, एलएलयू यांचा अर्थ काय? यातलं कोणतं घ्यायचं?

माझ्या मते बेअरिंग निवडताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि दुर्लक्षही याच्याकडेच होतं. मापं चुकली तर बेअरिंग बसतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. झाकण चुकीचं निवडलं तर बेअरिंग छान बसतं, छान फिरतं आणि पहिल्याच पावसात गंजतं.

झेडझेड किंवा २झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची चकती. ती आतल्या रिंगला टेकत नाही, मध्ये बारीक फट असते. धूळ थोडीफार अडते, पाणी अडत नाही. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, ज्याचं ओठ आतल्या रिंगला टेकून राहतं. हेच सील एनएसके ‘डीडीयू’ या अक्षरांनी दाखवते, एनटीएन ‘एलएलयू’ म्हणते, एसकेएफच्या बेअरिंगवर २आरएस१ किंवा २आरएसएच दिसतं, एफएजीवर २आरएसआर. याखेरीज एक मधला प्रकार आहे: रबरी सील, पण न टेकणारं. एनएसकेचं व्हीव्ही आणि एनटीएनचं एलएलबी त्यातले. हे हलकं फिरतं, पाणी मात्र लवकर आत घेतं.

आता आपल्या भागाचं बघू. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, तिकडे आंबोली. जून ते सप्टेंबर इथे पाऊस थांबत नाही आणि तांबड्या मातीचं बारीक पाणी चाकाबरोबर सतत उडत असतं. या पट्ट्यात सायकल चालवणाऱ्याने टेकणाऱ्या सीलशिवाय दुसरं काही घेऊ नये. अथणी, रायबाग, गोकाकच्या कोरड्या बाजूला न टेकणारं सील चालून जाईल, पण तिथेही काळ्या मातीचा चिखल आणि उसाच्या हंगामातले ओले रस्ते आहेतच. सीलच्या घर्षणाने जो जडपणा येतो तो पेडल मारताना पायाला जाणवत नाही.

दुकानात एक गोष्ट हमखास घडते. तुम्ही ६००१ मागता आणि समोर झेडझेड येतं, कारण मोटारी आणि पंखे दुरुस्त करणारे तेच नेतात आणि त्याचाच साठा असतो. ‘सेमच आहे, घ्या’ असं सांगितलं जातं. सेम नाही. डबीवर आणि बेअरिंगवर, दोन्हीकडे अक्षरं वाचूनच पैसे द्या.

रबरी सील असूनही पाणी आत कसं जातं?

कारण ते सील उडणारं पाणी आणि धूळ यांच्यासाठी आहे, दाबाच्या पाण्यासाठी नाही. मोटारसायकल धुण्याच्या केंद्रावर सायकल नेऊन हबवर फवारा मारला तर पाणी ओठाखालून सरळ आत घुसतं, ग्रीस बाहेर निघतं आणि गंज लागायला वेळ लागत नाही. घरी बादली, ब्रश आणि फडकं पुरेसं आहे. ओढ्यात हब बुडेपर्यंत सायकल घातली असेल तर त्याच आठवड्यात एक्सल फिरवून बघा.

बेअरिंग कुठे मिळेल?

बेळगावकरांना उद्यमबाग आहे, फार लांब जायला नको. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या त्या पट्ट्यात बेअरिंग ही रोज लागणारी वस्तू. ६०००, ६००१, ६०८ अशी मापं लगेच मिळतात. ६९ मालिकाही बऱ्याचदा मिळते, ६८ साठी एखाद-दुसरा दिवस थांबायची तयारी ठेवा. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरच्या मंडळींना कोल्हापूर जवळ पडतं. तिथलं शिवाजी उद्यमनगर याच कामाचं. दुकानदार मराठी बोलो, कन्नड बोलो की हिंदी, नंबर आणि शेवटची अक्षरं लिहिलेला कागद पुढे केला की गोंधळ होत नाही.

पातळ बेअरिंग जाड बेअरिंगपेक्षा महाग का, असं बरेच विचारतात. ६००१ सारखं माप असंख्य यंत्रांत लागतं, म्हणून स्वस्त पडतं. ६८०२ ला गिऱ्हाईक कमी. लोखंड किती लागलं यावर किंमत ठरत नाही.

कंपनी कोणती घ्यावी? नकली माल कसा ओळखायचा?

१९४६ पासून जयपुरात चालू असलेल्या कंपनीचं एनबीसी, पुण्यात चिंचवडला कारखाना असलेलं एसकेएफ, शेफलर गटाचं एफएजी, जपानी एनएसके, एनटीएन, कोयो, नाची. यातलं कोणतंही अस्सल बेअरिंग सायकलला पुरून उरतं. यांच्यात डावं-उजवं करण्यात वेळ घालवण्यापेक्षा अस्सल-नकली बघण्यात घालवा.

नकली मालावरची अक्षरं बहुधा फिकट, वाकडी किंवा बोटाने चोळल्यावर पुसट होणारी असतात. डबीवरचा नंबर आणि बेअरिंगवरचा नंबर जुळत नसेल तर परत द्या. एसकेएफ आणि शेफलर या दोघांनी पडताळणीसाठी मोबाइल ॲप काढली आहेत, ती वापरा. सुट्या पिशवीतलं, तेलकट कागदात गुंडाळलेलं ‘इम्पोर्टेड’ बेअरिंग निम्म्या भावात मिळत असेल तर ते चाकात घालू नये. घाटात उतरताना आपला सगळा भार त्याच्यावर असतो.

एबेक ५, एबेक ७ किंवा सिरॅमिक घेतलं तर सायकल जास्त पळेल का?

नाही. एबेक हा मापांच्या आणि फिरण्याच्या अचूकतेचा दर्जा आहे. त्यात सील, ग्रीस किंवा टिकाऊपणाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. ७०० सी चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी ३० किलोमीटरला ते मिनिटाला जेमतेम २४० फेरे घेतं. उच्च अचूकतेची बेअरिंगं मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या यंत्रांसाठी बनतात.

हायब्रिड सिरॅमिकमध्ये छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात, पण रिंगा पोलादाच्याच. छर्रे गंजत नाहीत, रिंगा गंजतात. आपल्या पावसात त्या पैशाचं मोल मिळत नाही. त्यापेक्षा स्टेनलेसचं बेअरिंग हा विचार करण्यासारखा पर्याय आहे, विशेषतः कारवारकडे खाऱ्या हवेत राहणाऱ्यांसाठी. ते नेहमीच्या क्रोम पोलादापेक्षा थोडा कमी भार सोसतं, तरी सायकलला तेवढं पुरतं.

नंबरापुढे ‘सी३’ लिहिलंय. ते चालेल?

चालेल. सी३ म्हणजे छर्रे आणि रिंगा यांच्यात नेहमीपेक्षा किंचित जास्त मोकळीक. बेअरिंग दाबून बसवलं की बाहेरची रिंग थोडी आवळते आणि ती मोकळीक कमी होते. हबमध्ये साधं आणि सी३ दोन्ही चालतात. बसण्याची जागा फार घट्ट असेल तर सी३ बरं. सी२, म्हणजे नेहमीपेक्षा कमी मोकळीकीचं, मात्र नको.

नव्या बेअरिंगमधलं ग्रीस बदलावं का?

घाटाखाली-घाटावर पावसात फिरणाऱ्यांनी ग्रीस वाढवून घ्यावं, असं माझं मत आहे. कारखान्यात आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण पाव ते तृतीयांश भागातच ग्रीस भरतात, कारण वेगात फिरणाऱ्या यंत्रात जास्त ग्रीस तापतं. सायकलला तो वेगच नाही. आत जितकं ग्रीस, तितकी पाण्याला जागा कमी.

सुईचं टोक सीलच्या आतल्या कडेला, म्हणजे आतल्या रिंगच्या बाजूने घालून सील हलकेच उचला. बाहेरच्या कडेने उचललं तर सील वाकतं आणि पुन्हा नीट बसत नाही. ओठाला चरा पडू देऊ नका. पाण्यात टिकणारं चांगलं ग्रीस, कॅल्शियम सल्फोनेटचं किंवा बोटींसाठी मिळतं ते, बोटाने भरा आणि सील दाबून बसवा. एक पथ्य पाळा: दोन जातींची ग्रीसं एकत्र आली तर काही वेळा पातळ होऊन वाहतात. आतलं ग्रीस कोणतं आहे ते ठाऊक नसेल तर जुनं पूर्ण धुऊन, बेअरिंग कोरडं करून मगच नवं भरा.

बसवताना हातोडी चालेल का?

कृपया नको. नवी कोरी बेअरिंगं सगळ्यात जास्त मरतात ती बसवतानाच.

तत्त्व एकच आहे. हबमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर पडला पाहिजे. आतल्या रिंगवर जोर दिला तर तो छर्र्यांतून बाहेरच्या रिंगपर्यंत जातो, खाचेत बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून टप्पे घेत फिरतं. एक्सलवर बेअरिंग चढवायचं असेल तर उलट, जोर आतल्या रिंगवर.

यासाठी महाग हत्यार लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून आटे पाडलेला सळईचा तुकडा, दोन नट आणि जाड वॉशर आणा. बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान सॉकेट, किंवा जुनंच बेअरिंग, मध्ये ठेवा आणि नट आवळत न्या. हबची जागा आधी स्वच्छ पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवा. बेअरिंग तिरकं जातंय असं वाटलं की थांबा, काढा, पुन्हा सरळ लावा. उद्यमबागच्या एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हँडप्रेस असेल तर हे काम पाच मिनिटांचं आहे. फक्त बाहेरच्या रिंगवरच दाबायला सांगा.

क्रमही महत्त्वाचा. एक बाजू तळापर्यंत बसवा, मग एक्सल किंवा मधली नळी घाला, मग दुसरी बाजू. दुसरं बेअरिंग त्या नळीला जेमतेम टेकेल इतकंच दाबा. त्यापुढे रेटलं तर दोन्ही बेअरिंगं एकमेकांवर आडवा ताण देत राहतात. दर थोड्या वेळाने एक्सल बोटाने फिरवून बघा. जड लागायला सुरुवात झाली की बस.

जुनं बेअरिंग काढताना आतल्या रिंगवर ठोकावंच लागतं, त्याला इलाज नाही. म्हणून एकदा काढलेलं बेअरिंग पुन्हा बसवू नये.

बेअरिंग हाताने आत सरकतं, हबची जागाच सैल झाली आहे. आता?

काही मिस्त्री त्या जागेत पंचाने टोके मारतात. त्याने बेअरिंग थोडे दिवस धरतं, पण चारच उंचवट्यांवर टेकल्यामुळे रिंग गोल राहत नाही आणि ॲल्युमिनियम आणखी झिजतं. फट केसाएवढी असेल तर बेअरिंग पक्कं करण्याचं द्रव, उदाहरणार्थ लॉकटाइट ६४१, लावा. जागा आणि बाहेरची रिंग दोन्ही तेलमुक्त करा, थेंबभरच वापरा, सीलला लागू देऊ नका आणि सुकायला एक रात्र द्या. फट डोळ्यांना दिसत असेल तर हब संपला.

एका बाजूचंच खराब आहे. दोन्ही बदलू का?

हो, दोन्ही. दोघांनी पाऊस सारखाच खाल्लेला असतो आणि एकदा खोललेल्या हबमध्ये दुसरं बदलायला वेगळी मेहनत नाही. मागच्या चाकात फ्रीहबची बेअरिंगं त्याच वेळी तपासा.

किती दिवसांनी तपासावं?

खंडेनवमीला सायकल धुऊन पूजेला लावतोच, त्याआधी दोन्ही चाकं काढून एक्सल फिरवून बघण्याची सवय लावा. पावसाळा नुकताच सरलेला असतो, पाण्याने जे बिघडवायचं ते तोवर बिघडलेलं असतं. दुसरी तपासणी मे महिन्याच्या अखेरीला. रोज तीस-चाळीस किलोमीटर चालवणाऱ्यांनी पावसाळ्याच्या मध्यावरही एकदा बघावं.

माझ्या जुन्या सायकलच्या कोन-छर्र्यांच्या हबमध्ये सीलबंद बेअरिंग बसवता येईल का?

त्याच हबमध्ये नाही. त्यातली वाटी वेगळ्या मापाची असते आणि एक्सलही आट्यांचा असतो. लेथवर हब कोरून बेअरिंग बसवून देणारे आपल्याकडे आहेत, पण हबची भिंत पातळ होते आणि ती कुठे तडकेल याचा नेम नाही. नवा हब घ्यायचा म्हणजे सगळे स्पोक काढून चाक पुन्हा विणायचं. त्यापेक्षा कोन आणि छर्रे नवे टाका, भरपूर ग्रीस भरा आणि कोन इतकाच आवळा की खेळ राहणार नाही आणि चाक जडही होणार नाही. वर्षातून एकदा एवढं केलं तर तो हब वर्षानुवर्षं चालतो, आणि त्याचे सुटे भाग खेड्यातल्या सायकल दुकानातही मिळतात.